घरच्या खोलीतील रेगे : बास आणि गिटार यांची निवड

जमैकाची राजधानी किंगस्टन येथे वॉटरहाऊस नावाची कष्टकऱ्यांची एक वस्ती आहे. १९७० नंतरच्या दशकात या वस्तीतील ड्रॉमिली ॲव्हेन्यूवरच्या एका साध्या घरात ऑझबर्न रडॉक हा कारागीर काम करीत असे. विजेची उपकरणे दुरुस्त करणे आणि ध्वनिवर्धक बांधणे हा त्याचा व्यवसाय. जग त्याला किंग टबी या नावाने ओळखते. एका मोठ्या ध्वनिमुद्रणगृहाकडून आलेले जुने, चार मार्गांचे मिश्रणयंत्र त्याने घरातल्या लहानशा खोलीत बसविले होते आणि गायकांना उभे करण्यासाठी न्हाणीघराचा उपयोग केला होता. मूळ वादन दुसरीकडे मुद्रित होऊन येई. टबी त्यातील खर्ज आणि ढोल पुढे आणी, गिटारचे आघात प्रतिध्वनीत विरघळवून टाकी. ‘डब’ हा संगीतप्रकार घडविण्यात या खोलीचा वाटा फार मोठा आहे. याच शहरात ली पेरी याने १९७३ मध्ये आपल्या घराच्या परसात ‘ब्लॅक आर्क’ हे ध्वनिमुद्रणगृह उभारले. तेथे मुद्रण होई ते पाव इंची फितीच्या चारमार्गी यंत्रावर. १९७७ मधील ‘हार्ट ऑफ द काँगोज’ ही गाजलेली तबकडी याच जागेत तयार झाली.

रेगेला साधने लागत नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. कोणते साधन आधी आणि कोणते मागून, हे या मंडळींना अचूक कळले होते, एवढाच त्याचा अर्थ. आज घरी ध्वनिमुद्रण करू इच्छिणाऱ्या तरुणाजवळ किंग टबीपेक्षा कितीतरी अधिक मार्ग असलेला संगणक असतो. पैसा मात्र बेताचाच असतो. तो पैसा चुकीच्या क्रमाने खर्च झाला, तर घरात वाद्ये येतात आणि मुद्रण मात्र पोकळ राहते. म्हणून क्रमाचा विचार प्रथम करावयास हवा.

तो क्रम संगीताच्या रचनेतूनच ठरतो. रेगेचे आवर्तन चार मात्रांचे धरले, तर गिटारचा तुटक आघात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. ‘वन ड्रॉप’ या प्रसिद्ध ठेक्यात पहिली मात्रा ढोलाने मोकळी सोडलेली असते आणि त्याचा भार तिसऱ्या मात्रेवर येतो. समेवर आघाताची वाट पाहणाऱ्या कानाला ही रिकामी जागा प्रथम चमत्कारिक वाटते. ती जागा तोलून धरण्याचे काम बास गिटार करते. गाण्याची ओळख पटते तीही पुष्कळदा बासच्या चालीवरूनच. अन्य लोकप्रिय संगीतात बास हा पाया असतो आणि तो झाकलेला चालतो. रेगेमध्ये पाया हाच दर्शनी भाग होय. साहजिकच पहिला खर्च बासवर झाला पाहिजे.

चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. प्रचलित बासवर तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच असते. आखूड बासवर ती ३० इंचांच्या आसपास असते. आखूड वाद्य बहुधा स्वस्त मिळते आणि त्याचा गोलसर, काहीसा दबका स्वर रेगेला प्रतिकूल नाही. नामांकित छापापेक्षा वाद्याची प्रकृती महत्त्वाची. जुने वाद्य घेताना दांडी सरळ आहे की नाही, कोणत्या पडद्यावर तार खरखरते काय, खुंट्या सैल पडतात काय, हे पाहावे. बाराव्या पडद्यावर तार दाबून निघणारा स्वर आणि त्याच जागी बोट नुसते टेकवून निघणारा स्वर एकच असला पाहिजे. तसा नसेल तर घोडी सरकवून तो जुळविता येतो की नाही, याची खात्री करून घ्यावी. बेसूर वाद्याला कोणतेही यंत्र सुरात आणीत नाही.

तारांचे महत्त्व वाद्याच्या खालोखाल आहे. गोल तारेचे वेष्टन असलेल्या तारा चकचकीत, धातूसारखा आवाज देतात. सपाट पट्टीचे वेष्टन असलेल्या तारांचा आवाज मऊ आणि भरीव असतो व बोटे सरकल्याचा खरखराटही होत नाही. या तारा महाग असतात, पण त्या वर्षानुवर्षे टिकतात. तेवढी ऐपत नसल्यास घोडीजवळ तारांखाली स्पंजचा लहान तुकडा बसवावा. स्वर लवकर विझतो आणि प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो. स्वरछटेची कळ खाली आणून, अंगठ्याने वा बोटांच्या गादीने, दांडीच्या जवळ तार छेडली म्हणजे उरलेले काम होते. यासाठी काहीच मोजावे लागत नाही.

यानंतरचा खर्च ऐकण्याच्या साधनांवर करावा. मोठा बास ध्वनिवर्धक घरी विकत घेणे हे मुद्रणाच्या दृष्टीने बहुधा वाया जाते, कारण दोष खोलीतच असतो. चार मीटर लांबीच्या खोलीत सेकंदाला सुमारे ४३ कंपनांचा सूर दोन भिंतींमध्ये घुमत राहतो आणि बासच्या अगदी खालच्या सुरांपैकीच तो एक आहे. भिंतीशी उभे राहिल्यास तो फुगलेला वाटतो. मध्यभागी आल्यास जवळजवळ नाहीसा होतो. अशा खोलीत खर्जाचे प्रमाण कानाने ठरविणे फसवे ठरते. म्हणून बास थेट ऑडिओ इंटरफेसला जोडावा. त्या यंत्रावर वाद्यासाठी वेगळी जोडणी आहे, एवढे मात्र पाहून घ्यावे. तशी सोय नसलेल्या जोडणीत गिटारचा आवाज क्षीण आणि मंद होतो. ऐकण्यासाठी चांगला हेडफोन घ्यावा. लहान ध्वनिक्षेपकातून ४१ कंपनांचा सूर जवळजवळ निघतच नाही. त्याच्या वरच्या उपस्वरांवरून कान मूळ सुराची कल्पना करतो. तयार झालेले मुद्रण अशा एखाद्या लहान ध्वनिक्षेपकावरही ऐकून पाहावे. बासची चाल तेथेही ओळखू आली, तर मिश्रण साधले असे समजावे.

गिटारचा क्रम याच्याही मागून येतो. रेगेमधील गिटारला थोडक्यात बोलावयाचे असते: वरच्या तीन-चार तारांवर एक आघात आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल करून शांतता. यासाठी एकेरी वेटोळ्याचे पिकअप असलेली साधी विद्युत् गिटार पुरते. अशा पिकअपमध्ये विजेच्या प्रवाहाची गुणगुण शिरते. भारतात हा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्याने ती नेमकी खर्जाच्या प्रदेशात येऊन बसते. विजेच्या उपकरणांपासून दूर बसावे, शरीराची दिशा बदलून पाहावी आणि मिश्रणाच्या वेळी गिटारचा १५० कंपनांखालील भाग गाळून टाकावा. गिटारचे काही बिघडत नाही आणि बासला जागा मिळते. हीच गिटार तळहाताने तारा दाबून बासची चाल वरच्या सप्तकात वाजविण्यासही उपयोगी पडते. जमैकातील वादक हा उपाय पूर्वीपासून करीत आले आहेत. आवाज चिरकविणाऱ्या पेट्या येथे अनावश्यक आहेत. प्रतिध्वनी आणि घुमारा संगणकावरील विनामूल्य साधनांतूनही मिळतो.

एकूण रकमेचे दहा हिस्से केले, तर चार बाससाठी, एक तारा व वाद्याच्या दुरुस्तीसाठी, तीन इंटरफेस आणि हेडफोन यांसाठी व दोन गिटारसाठी ठेवणे युक्त ठरेल.

या क्रमाची कसोटी १९८५ मध्ये अनपेक्षित रीतीने लागली. त्या वर्षी वेन स्मिथ या गायकाचे ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गीत किंग जॅमी या निर्मात्याने प्रसिद्ध केले. त्यात बास गिटार नव्हतेच. कॅसिओ कंपनीच्या एमटी-४० या घरगुती, स्वस्त वाद्यपेटीत आधीच भरून ठेवलेल्या एका ठेक्यावर ते उभे होते आणि त्याने जमैकाच्या संगीताला नवे वळण दिले. वाद्य गेले, वादक गेला, ध्वनिवर्धकही गेला. पण खर्जाची चाल मात्र आपल्या जागी, सर्वांच्या पुढे, तशीच राहिली.