जाळीतून आरपार!

खोडदची अवाढव्य डिश आणि तुमच्या हातातला टचस्क्रीन. दोघांचं गणित एकच: तार कमी, मोकळी जागा जास्त!

शनिवारी सकाळी पुणे-नाशिक हायवेला लागायचं. मंचरला चहा, नारायणगावात मिसळ, मग शिवनेरी नाहीतर लेण्याद्री. आपला जुन्नर-आंबेगावचा वीकेंड साधारण एवढाच. पुढच्या वेळी नारायणगावातून उजवीकडे, खोडदच्या रस्त्याला वळून बघा. टोमॅटो आणि द्राक्षांच्या शेतांपलीकडे ४५ मीटर व्यासाच्या डिश आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतील. हीच ती जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. एकूण ३० डिश. १४ मध्यभागी, बाकीच्या १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या.

गंमत म्हणजे या डिशमधून चक्क पलीकडचं आभाळ दिसतं. कारण तिथे पत्रा नाहीच! आहे ती स्टेनलेस स्टीलची जाळी. तार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड आणि भोकं १ ते २ सेंटिमीटरची.

भोकाची करामत

डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांनी सलग पत्र्याऐवजी ताणलेल्या तारदोरांवर जाळी बांधली. डिश हलकी झाली, वारा आरपार जाऊ लागला, खर्च उतरला. डिझाइनचं नाव ‘स्मार्ट’. तेही स्मार्टफोन हा शब्द आपल्या कानावर येण्याआधीचं!

पण भोकांतून सिग्नल निसटत नाही? नाही. इथे पकडायच्या रेडिओलहरींची लांबी २१ सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत. भोक लहरीपेक्षा खूप लहान असलं, की लहरीच्या दृष्टीने जाळी म्हणजे सलग पत्राच.

आता खिशातला मोबाइल काढा

स्क्रीनला वीज वाहून नेणारा थर लागतो, पण तो दिसता कामा नये. वर्षानुवर्षं हे काम इंडियम टिन ऑक्साइड करतंय. अडचणी दोन. इंडियम मुख्यतः जस्त काढताना मिळणारं जोडउत्पादन, त्यामुळे मागणी वाढली म्हणून लगेच जास्त मिळेल असं नाही. शिवाय हा थर ठिसूळ. घडी घालायचा स्क्रीन किंवा वाकणारा सोलर पॅनेल करायला गेलं, की तडे!

त्यावर उपाय पुन्हा जाळीचाच. चांदीच्या अतिसूक्ष्म तारा, म्हणजे नॅनोवायर. केसापेक्षा हजारपट बारीक. शाईसारख्या द्रवात मिसळून प्लॅस्टिकवर पसरायच्या. द्रव वाळला, की तारा एकमेकींवर आडव्यातिडव्या पडतात. इथे भोकं प्रकाशलहरींपेक्षा मोठी, म्हणून उजेड आरपार जातो आणि वीज तारेवरून तारेवर धावते. वाकवलं तरी जाळी सहसा तुटत नाही.

यातली मोठी कामगिरी आपल्या पुण्यातलीच. पाषाण रोडवरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) डॉ. अमोल कुलकर्णी यांच्या टीमने अशा तारा सलग प्रक्रियेने, मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात बनवण्याचं तंत्र काढलं. २०२१ मध्ये तिथल्या पथदर्शी प्रकल्पाची क्षमता होती दिवसाला ५०० ग्रॅम. ऐकायला अर्धा किलो, पण एका स्क्रीनला लागते ती चिमूटभरसुद्धा नाही.

पण थांबा...

सगळंच काही सोपं नाही. तारा कमी पडल्या, तर विजेला वाट सापडत नाही. जास्त झाल्या, तर स्क्रीन धुरकट. दोन तारा टेकतात तिथे वीज अडखळते, म्हणून ते सांधे उष्णतेने किंवा दाबाने जुळवावे लागतात. आणि देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन काळं पडतं, तशा या ताराही हवेतल्या गंधकाने खराब होतात. त्यांच्यावर संरक्षक लेप हवाच. म्हणून इंडियमची सद्दी अजून संपलेली नाही.

आणि हो, खोडदला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. दुर्बिणीजवळ मोबाइल बंद! लाखो प्रकाशवर्षांवरून येणारी कुजबुज ऐकणाऱ्या त्या जाळीला तुमच्या मोबाइलचा सिग्नल म्हणजे कानाशी वाजणारा डीजे. एका जाळीला ऐकू यावं, म्हणून दुसरीने तासभर गप्प बसायचं. वीकेंडला एवढं जमेल ना?