पॉझिटिव्ह की निगेटिव्ह? एलसी-एमएसमधील मोडची निवड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मास स्पेक्ट्रोमीटर फक्त विद्युतभारित कण, म्हणजे आयन, मोजतो. त्यामुळे लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या (एलसी) कॉलममधून बाहेर पडलेल्या रेणूवर आधी भार यावा लागतो. इलेक्ट्रोस्प्रे पद्धतीत पॉझिटिव्ह मोडमध्ये रेणू बहुधा एक प्रोटॉन घेतो, तर निगेटिव्ह मोडमध्ये एक प्रोटॉन सोडतो. १९४ वस्तुमानाचे कॅफिन पॉझिटिव्हमध्ये १९५ वर दिसते, तर २०६ वस्तुमानाचे आयबुप्रोफेन निगेटिव्हमध्ये २०५ वर.

गैरसमज: पॉझिटिव्ह मोड सगळ्या संयुगांना चालतो.
वस्तुस्थिती: बहुतेक औषधांत सहज प्रोटॉन घेणारे नायट्रोजनचे आम्लारीधर्मी गट असतात, म्हणून हा समज रुजला. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मात्र निगेटिव्हमध्येच उत्तम दिसते. कोळंबी किंवा मधातील त्याचा अंश किलोमागे मायक्रोग्रॅमच्याही अंशात शोधावा लागतो. त्यासाठी ३२१ चा आयन फोडून मिळणारा १५२ चा तुकडा मोजतात.

गैरसमज: रचनेत अमाइन दिसले की पॉझिटिव्ह, आम्लगट दिसला की निगेटिव्ह.
वस्तुस्थिती: हा केवळ पहिला अंदाज. फिप्रोनिल या कीटकनाशकात अमाइन गट आहे. पण शेजारचे सायनो आणि फ्लोरिनयुक्त गट त्याचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतात. परिणामी तो गट प्रोटॉन घ्यायला नाखूश असतो, उलट सहज सोडतो. म्हणून फिप्रोनिल निगेटिव्हमध्ये ४३५ वर मोजतात. डायक्लोफेनॅक दोन्हीकडे दिसते: पॉझिटिव्हमध्ये २९६, निगेटिव्हमध्ये २९४.

गैरसमज: मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) फॉर्मिक आम्ल असेल तर निगेटिव्ह मोड निरुपयोगी.
वस्तुस्थिती: अनेक संयुगांचा सिग्नल घटतो हे खरे, पण तो नाहीसा होतोच असे नाही. आयन घडण्यात द्रावणाच्या पीएचइतकाच थेंबातील आणि वायुस्थितीतील घडामोडींचा वाटा असतो. अमोनियायुक्त मोबाइल फेजमध्येही पॉझिटिव्ह आयन भरपूर मिळू शकतात. खरी अडचण ट्रायफ्लोरोॲसेटिक आम्लाची: ते दोन्ही मोडमध्ये सिग्नल दाबते.

गैरसमज: निगेटिव्हचा सिग्नल लहान, म्हणून संवेदनशीलता कमी.
वस्तुस्थिती: निगेटिव्हमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाटही बहुधा कमी असतो. किती सूक्ष्म अंश सापडेल, हे सिग्नल आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरावर ठरते. मात्र या मोडमध्ये स्प्रेच्या टोकाशी विद्युत विसर्जन लवकर होते, म्हणून व्होल्टेज बेताचे ठेवावे लागते.

गैरसमज: अपेक्षित जागी शिखर नाही, म्हणजे आयनीकरण झालेच नाही.
वस्तुस्थिती: रेणू सोडियमसह २३ ने, अमोनियमसह १८ ने किंवा निगेटिव्हमध्ये फॉर्मेटसह ४५ ने पुढे सरकलेला असू शकतो. शर्करांमध्ये सोडियमजोड नेहमी आढळते, पण असा आयन फोडून उपयुक्त तुकडे मिळवणे अवघड जाते.

अंतिम निवड प्रयोगानेच करावी. प्रमाण पदार्थाचे विरल द्रावण प्रत्यक्ष वापरायच्या मोबाइल फेजसह दोन्ही मोडमध्ये सोडून पाहावे. नंतर तीच तुलना नमुन्याच्या अर्कात करावी, कारण अर्कातील इतर घटक दोन मोडमध्ये सारखाच अडथळा आणत नाहीत. आधुनिक उपकरणे काही मिलिसेकंदांत मोड बदलतात, त्यामुळे एकाच इंजेक्शनमध्ये दोन्ही चालवता येतात. पण वेळ विभागला गेल्याने प्रत्येक शिखरावरील मोजणीबिंदू घटतात. मोजायची सर्व संयुगे एकाच मोडमध्ये नीट दिसत असतील, तर तो एकच मोड पुरे.