इरियाची नोकरी संपली, विमा कोणता उरला?



आमच्या इमारतीतल्या एक मावशी इरियाच्या बालवाडीत मदतनीस होत्या. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. मावशी जुन्या तलूशांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. "अगं, दरमहा विम्याचे पैसे कापत होते. आता सेवेला बाई ठेवायची, तर तो विमा पैसे देईल ना?"

पिशवीत एक न फोडलेलं हिब्रू पत्र होतं. नोकरीतून मिळणारे सिऊदचे सामूहिक विमे 2017 च्या अखेरीस बंद झाले, त्याचीच ती सूचना. कुपात खोलिमच्या सिऊद विम्यात जाण्याची संधी होती, पण ठरावीक मुदतीपुरती. ती केव्हाच टळून गेली होती.

नोकरी आणि कुपात एकच, असं आपल्या पिढीच्या मनात बसलं आहे. त्याला कारणही आहे. पूर्वी कुपात खोलिम क्लालीतचं सभासदत्व हिस्ताद्रूतशी जोडलेलं होतं. 1 जानेवारी 1995 पासून राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा लागू झाला आणि ते नातं सुटलं.

आता तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या.

पहिली, मूळ आरोग्यसेवा. डॉक्टर, इस्पितळ, ठरलेली औषधं. हा इस्राएलच्या प्रत्येक रहिवाशाचा हक्क आहे. निवृत्तीने किंवा वैधव्याने तो जात नाही. वय वा आजार पाहून चारपैकी कोणतीही कुपात तुम्हाला नाकारू शकत नाही.

दुसरी, कुपातचा पूरक विमा, म्हणजे शाबान. त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. यातही वयामुळे नकार मिळत नाही, पण काही सेवांसाठी आधी थांबावं लागतं. घरी सेवेला माणूस ठेवण्याचा खर्च मात्र यातून मिळत नाही.

तिसरी, सिऊद विमा. अंघोळ, कपडे, खाणं स्वतःला जमेनासं झालं की कामी येतो तो हा. नव्याने घेताना तब्येतीची माहिती द्यावी लागते आणि नकारही मिळू शकतो. म्हणून असलेला विमा हप्ता चुकून बंद पडू देऊ नका.

विमा नसला तरी हात टेकू नका. निवृत्तीचं वय झालेल्या, घरी राहणाऱ्या गरजूंना बितुआख लेउमी गिमलात सिऊद देते. त्यासाठी उत्पन्न आणि रोजची कामं किती जमतात ते पाहतात. फोन *6050. मावशींनी अर्ज केला. आता ठरलेले तास बाई येते, उरलेला भार मुलगे उचलतात.

आजच एक काम करा. मुला-नातवंडांना सांगून सरकारच्या 'हर हाबितुआख' या संकेतस्थळावर आपल्या नावावर कोणते विमे आहेत ते पाहून घ्या. फोनवरून विमा विकणाऱ्याला लगेच 'हो' म्हणू नका. आणि हिब्रू पत्र आलं, तर ते पिशवीत टाकण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या.