अजमेरला निघताना ४५ पैशांचा विमा घ्यावा का?

आयआरसीटीसीवर तिकीट काढताना माणशी ४५ पैशांचा विमा विचारला जातो. विमा जायज की नाजायज, यावर उलेमांत मतभेद आहेत; ते आपल्या मौलानांना विचारावं. आपण हिशोब पाहू. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख, जखमीच्या इस्पितळासाठी २ लाखांपर्यंत. पण अम्मीला वाटेत ताप आला, गाडी चुकली, तर काही नाही. खिडकीवरच्या तिकिटाला तो मिळतच नाही.

खरी अडचण पुढे आहे. तिकिटानंतर कंपनीची लिंक येते, तिथं वारसाचं नाव भरायचं असतं. आपण तो मेसेज जाहिरात समजून पुसतो! नाव नसेल तर घरच्यांना आधी वारस असल्याचे कागद जमवावे लागतात. चार दिवसांच्या सफरीला वेगळी महाग पॉलिसी आम्हाला गरजेची वाटत नाही.