निजलेला विषाणू आणि जागे पहारेकरी

एच.आय.व्ही.ची औषधे नियमित घेतली की रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडेनासा होतो. मग गोळ्या बंद का करू नयेत?

याचे उत्तर १९९७ साली संशोधकांना मिळाले. सी.डी.४ नावाच्या काही पांढऱ्या पेशींत हा विषाणू वर्षानुवर्षे निजून राहतो. औषध वाढणाऱ्या विषाणूला अडवते, निजलेल्याला नाही. रोगट पेशी मारणाऱ्या सी.डी.८ पेशी म्हणजे आपल्या शरीराचे पहारेकरी. पेशीच्या अंगावर विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे दिसले, तरच त्या शत्रूला ओळखतात. निजलेल्या विषाणूची अशी खूणच नसते. दीर्घ उपचारानंतरही या पहारेकऱ्यांना शत्रूची आठवण असते. पण लपलेला साठा त्यांच्याने निपटत नाही.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० साली जन्मलेल्या एका बालिकेला जन्मानंतर दोन दिवसांच्या आतच औषधे सुरू झाली. पुढे ती थांबली. दोन वर्षांहून अधिक काळ विषाणू दिसला नाही. सर्वांना आशा वाटली. पण २०१४ साली तो परतला.

म्हणून वाचकहो, आमचे सांगणे एवढेच : अहवाल चांगला आला, तरी गोळी चुकवू नये. तो चांगला येतो, तो गोळीमुळेच.