कड्यावरची चित्रशाळा

ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, जेथून ब्राइट एंजल नावाची पायवाट दरीत उतरू लागते त्याच ठिकाणी, खडकाला बिलगून टप्प्याटप्प्याने खाली गेलेली एक लाकडी इमारत उभी आहे. तिला कोल्ब स्टुडिओ म्हणतात. राष्ट्रीय उद्यानात, दरीच्या अगदी काठावर आज निसर्गचित्रांची प्रदर्शने भरविणारे हे दालन मुळात खेचरांवरून दरीत उतरणाऱ्या प्रवाशांची छायाचित्रे काढून विकण्यासाठी बांधले गेले, आणि ही गोष्ट मला त्याच्या मोठेपणाचाच एक भाग वाटते. कारण चरितार्थाच्या रोजच्या कष्टांतूनच एका दरीकडे सत्तर वर्षांहून अधिक काळ अखंड पाहत राहण्याचा परिपाठ तेथे पडला.

एल्सवर्थ आणि एमरी हे कोल्ब बंधू अनुक्रमे १९०१ व १९०२ साली येथे आले. पायवाटेचा इजारा त्या वेळी राल्फ कॅमेरॉन नावाच्या गृहस्थाकडे होता आणि उतरणाऱ्या प्रत्येक जनावरामागे तो एक डॉलर जकात घेई. त्याच्याच जागेवर या भावांनी प्रथम तंबू ठोकला आणि १९०४ साली लाकडी बांधकामास आरंभ केला. कड्यावर सर्व काही होते, फक्त पाणी नव्हते. आणि पाण्यावाचून छायाचित्राची काच धुता येत नाही. म्हणून सकाळी प्रवाशांचा तांडा निघताना त्याचे चित्र टिपावे, साडेचार मैल खाली आणि तीन हजार फूट खोल असलेल्या झऱ्यापर्यंत धावत जावे, तेथील अंधारकोठडीत काचा धुऊन प्रती काढाव्यात आणि तांडा परत येण्यापूर्वी त्या घेऊन पुन्हा वर चढून यावे, असा एमरीचा दिनक्रम वर्षानुवर्षे चालला. ज्याच्या पायांखालून एकच वाट इतक्या वेळा गेली, त्याला कोणत्या प्रहरी कोणत्या कड्यावर ऊन येते हे पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

१९११ च्या सप्टेंबरात हे दोघे बंधू वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर गावाहून दोन नावा घेऊन निघाले आणि कोलोराडो नदीच्या भोवऱ्यांतून मार्ग काढीत, चलच्चित्रे टिपीत, १९१२ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील नीडल्स येथे पोहोचले. त्या प्रवासाचा चित्रपट १९१५ पासून स्टुडिओच्या प्रेक्षागृहात दाखविला जाऊ लागला तो एमरीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७६ पर्यंत. पंच्याण्णव वर्षांचा होईतो हा मनुष्य आपल्या प्रेक्षकांपुढे उभा राहून बोलत असे. एल्सवर्थने विसाच्या दशकात स्टुडिओ सोडला होता. १९६२ साली सरकारने इमारत विकत घेतली तेव्हा एमरीला तेथे राहण्याचा तहहयात हक्क देण्यात आला. त्याच्या पश्चात काही काळ ओस पडलेल्या या वास्तूचा १९९०च्या दशकात उद्यानाच्या साहाय्यक संस्थेने जीर्णोद्धार केला, आणि जेथे तो चित्रपट चाले त्याच प्रेक्षागृहाच्या भिंतींवर आता चित्रे लागतात.

राष्ट्रीय उद्यानाने चित्रकारांना आश्रय द्यावा यात उपकाराचा भाग थोडा आणि ऋणफेडीचा अधिक आहे. थॉमस मोरान या चित्रकाराने १८७३ साली ही दरी पाहिली आणि सात फूट उंच, बारा फूट रुंद अशा पटावर ती रंगविली. ते चित्र अमेरिकेच्या काँग्रेसने दहा हजार डॉलर देऊन विकत घेतले. ज्या लोकप्रतिनिधींनी ॲरिझोनाची धूळही पाहिली नव्हती त्यांना आपल्या देशात असे काही आहे याची खात्री या पटाने पटविली. पुढे १९०८ साली दरीला राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९१९ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सरकारी दप्तरात कायद्याची नोंद आहे. परंतु कायद्याआधी चित्र आले, हा अनुक्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या दालनातील सर्वांत लक्षणीय प्रदर्शन म्हणजे २००९ पासून भरणारा चित्रकारांचा वार्षिक मेळा. सप्टेंबरात निमंत्रित चित्रकार कड्यावर जमतात, उघड्यावर उभे राहून चित्रे काढतात आणि त्यांचे प्रदर्शन हिवाळ्यापर्यंत स्टुडिओत राहते. दूर घरी बसून, छायाचित्र समोर ठेवून काढलेले चित्र आणि वाऱ्यात चित्रफलकाची घोडी सावरीत काढलेले चित्र यांत फार मोठे अंतर असते. प्रकाश येथे क्षणभरही स्थिर राहत नाही. सावल्यांची जागा आरंभीच ठरवून जो त्या निश्चयाला चिकटून राहील त्याचेच चित्र उभे राहते, सूर्यामागे धावणाऱ्याच्या हाती चिखल लागतो. आणि रंगांचे म्हणाल तर डोळ्यांवर विश्वास ठेवूनही भागत नाही. दरीच्या मध्यभागी लालभडक दिसणारी जी उंच भिंत, जिला रेडवॉल म्हणतात, ती मुळात करड्या चुनखडीची आहे. वरच्या थरांतील लोह पावसाबरोबर ओघळून तिला तो लाल लेप चढला आहे. ज्या चित्रकाराला हे ठाऊक असते तो लाल रंगाखाली करडा घालतो, आणि ती भिंत चित्रातही दगडाचीच राहते.

मराठी वाचकाला या चित्रांखालील नावे वाचताना नवल वाटेल. क्लॅरन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १८८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दरीतील शिखरांना पौर्वात्य देवतांची नावे देण्याची प्रथा पाडली, आणि म्हणून दक्षिण कड्यावरून आज विष्णू, ब्रह्मा आणि शिव यांची ‘मंदिरे’ दिसतात. तळाशी जो काळा, पावणेदोन अब्ज वर्षांच्या घरातील खडक आहे त्यालाही विष्णूचेच नाव आहे. त्या भव्यतेपुढे डटनला आपल्या परिचयाची नावे अपुरी वाटली असावीत, असे मला वाटते.

परंतु ही सारी नावे बाहेरून आलेल्यांनी दिलेली आहेत. ज्या झऱ्यावर एमरीने आपल्या काचा धुतल्या तेथे हवासुपाय या मूलनिवासी लोकांची शेती होती. १९२८ च्या सुमारास त्यांतील शेवटच्या रहिवाशालाही तेथून काढून देण्यात आले, आणि त्या जागेला हवासुपाय गार्डन्स हे नाव मिळण्यास २०२२ साल उजाडावे लागले. याच कड्यावर पूर्वेस वास्तुविशारद मेरी कोल्टरने उभारलेल्या मनोऱ्यात होपी या मूलनिवासी जमातीचा चित्रकार फ्रेड कबोटी याने १९३२ साली भिंती रंगविल्या. त्या चित्रांत दरी पाहण्याचे दृश्य म्हणून येत नाही. होपींच्या कथेतील युवक नदीवरून प्रवास करतो आणि सर्पांच्या देशी जातो, म्हणजे दरी तेथे घडलेल्या गोष्टींचे स्थान होते. मोरानची दृष्टी आणि कबोटीची दृष्टी यांत मला दुसरी अधिक जवळची वाटते, कारण तीत दरीत राहणाऱ्यांना जागा आहे.

वार्षिक मेळ्यातील चित्रविक्रीतून येणाऱ्या द्रव्याचा एक भाग दक्षिण कड्यावर कायमचे कलादालन उभारण्यासाठी राखून ठेवण्याची तजवीज आहे. ते उभे राहील तेव्हा मोरानच्या परंपरेतील चित्रांसाठी भिंत निश्चितच राखली जाईल. हवासुपाय आणि होपी चित्रकारांसाठीही तेवढीच रुंद भिंत आराखड्यातच आखली जावी, आणि तिचा कारभार त्यांच्याच हाती असावा.