देव्हाऱ्यातील रुपया आणि सराफाचा काटा

आज धनत्रयोदशी. सायंकाळी दक्षिणेकडे ज्योत करून यमदीप लागेल, धन्वंतरीचे स्मरण होईल, धणे-गुळाचा नैवेद्य दाखविला जाईल आणि ताम्हनातील सोन्यारुप्याच्या नाण्यांवर हळद-कुंकू वाहिले जाईल. बीड, परळी, अंबाजोगाई येथील सराफांच्या पेढ्यांवर आज दुपारपासूनच रीघ असते. अलीकडे त्या रिघेत काही निराळी मंडळी दिसू लागली आहेत. २०२३ पासून आपल्या जिल्ह्यातील काही मल्टिस्टेट पतसंस्थांची दारे बंद झाली आणि हजारो कुटुंबांच्या ठेवी आत अडकल्या. त्यांतीलच एका निवृत्त शिक्षकांनी परवा कीर्तनानंतर आम्हांस विचारले, “बुवा, कागदावरचा विश्वास उडाला. आता उरलेसुरले नाण्यांतच घालतो. शास्त्राची संमती आहे ना?”

आरतीच्या गर्दीत त्यांना पुरते उत्तर देता आले नाही. ते येथे देतो.

पूजेला शास्त्राची संमती आहेच. परंतु जे शास्त्र सुवर्णाला लक्ष्मी म्हणते, तेच ते काट्यावर घालावयासही सांगते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ‘सुवर्ण’ हे देवतेचे नव्हे, वजनाचे नाव आहे. पाच गुंजांचा मासा, सोळा माशांचे एक सुवर्ण, म्हणजे ऐंशी गुंजा. आपला जुना तोळा शहाण्णव गुंजांचा, आणि बाजारातला आजचा ‘तोळा’ दहा ग्रॅमचा. जुन्या तोळ्याहून दीड ग्रॅमहून अधिक कमी. शब्द तोच राहतो आणि आतले वजन बदलते, हे ध्यानात ठेवावे. कौटिल्य तर याहून रोखठोक. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सोनाराच्या लबाडीचे पाच प्रकार त्याने नावानिशी सांगितले आहेत. वाकड्या काट्यापासून हलक्या धातूवर पत्रा चढविण्यापर्यंत. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यात ज्याची चौकशी करावी लागत होती, ती आज संकोचामुळे करू नये, हे कोणते धर्माचरण?

या संकोचाची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे.

आपला प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. बाजारात चाले तो हाली शिक्का, चारमिनारच्या छापाचा. सीमा ओलांडून नगरकडे गेले की लागे तो इंग्रजी रुपया, ज्याला जुनी माणसे ‘कलदार’ म्हणत. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. लहानपणी आम्हांस वाटे, हा केवळ सत्तेचा रुबाब. पुढे हिशेब मांडून पाहिला तेव्हा कळले की हा दर चांदीचाच होता. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. जुना हाली ११.१८ ग्रॅमचा, त्यात शेकडा ८१.८ चांदी, म्हणजे सुमारे ९.१ ग्रॅम. भागून पाहावे, सहास सातच येतात. राजे-महाराजे काहीही म्हणोत, नाण्याच्या पोटात जे होते तेवढेच त्याचे मोल ठरत होते. पुढे १९४० मध्ये इंग्रजांनी आपल्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये ती काढूनच टाकली. रुपया मात्र रुपयाच राहिला.

आमच्या मातोश्रींच्या बटव्यात असे एकवीस रुपये होते. बारा चारमिनारचे, नऊ राजा-राणीच्या छापाचे. दिवाळीत ते घासूनपुसून पाटावर मांडण्याचे काम आमच्याकडे असे, म्हणून संख्या पक्की आठवते. १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडण्याच्या कामावर माणसे लोटली, घरोघर मिलो आणि सुकडी आली. कथा-कीर्तनाची बिदागी कोण देणार? मातोश्री बटवा घेऊन सराफाकडे गेल्या, आम्ही बारा-तेरा वर्षांचे, सोबत होतो. त्याने वीसही नाणी एकदम तराजूत टाकली, “हाली आहे, चांदी हलकी,” असे म्हणून सगळ्यांस एकच भाव लावला. आठ कलदारांतील जादा चांदी अशी फुकट गेली. मातोश्रींनी विचारले नाही. लक्ष्मी विकावयास आलेल्या बाईने आणि भाव करावा, हे त्यांना लाजेचे वाटले. त्या वर्षी त्या पैशांत दोन दिवसांचे जोंधळे सहज आले असते.

म्हणून त्या गुरुजींना आमचे सांगणे असे. नाणे घेताना ते विकण्याचा दिवस आधी डोळ्यांपुढे आणावा. तो दिवस सणाचा नसतो. दवाखान्याचा असतो, पेरणीचा असतो, कधी लेकीच्या सासरचा असतो. त्या दिवशी आपले नाणे आपल्या वतीने बोलले पाहिजे. त्यासाठी त्यावर शुद्धतेचा आकडा हवा (सोन्याला ९९९ किंवा ९९५), भारतीय मानक ब्युरोची त्रिकोणी खूण हवी, आणि घरात पक्की पावती हवी. दागिन्यांसाठी ही खूण १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. नाण्याच्या बाबतीत मात्र ती आपण होऊन मागावी. ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून जे मिळते त्यात तांबे, निकेल व जस्त असते, चांदीचा कणही नसतो. लक्ष्मीची मूर्ती उमटविली म्हणून धातू बदलत नाही.

दुसरे, एक ग्रॅमची दहा नाणी घेण्यापेक्षा दहा ग्रॅमचे एक घ्यावे, कारण घडणावळ लहान नाण्यावर जड पडते. वर शेकडा तीन जीएसटी. हे दोन्ही विकताना परत येत नाहीत. भाव तेवढा चढेपर्यंत आपण तोट्यातच असतो. बँकेतून घेतलेले नाणे बँक परत विकत घेत नाही, ते शेवटी सराफाकडेच न्यावे लागते, हेही पुष्कळांना घेतल्यावरच कळते. आणि सीलबंद पाकीट फोडून दुधाचा अभिषेक करण्याची हौस तेवढी आवरावी. सील तुटले की पुन्हा कस लावणे आले, घट आली. पाकिटासकट पूजा लक्ष्मीस पोहोचते, अशी ग्वाही आम्ही व्यासपीठावरून देण्यास तयार आहोत.

भाव चढताच असतो, या समजुतीत राहू नये. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याने एक लाख रुपयांचा आकडा ओलांडला, हे सर्वांना पाठ आहे. परंतु २०११ मध्ये चांदी किलोस सत्तर हजारांच्या पुढे गेली होती आणि चार-पाच वर्षांत निम्म्यावर आली, हे कोणी आठवीत नाही. तो भाव पुन्हा दिसावयास २०२० उजाडले. ज्याला नऊ वर्षे थांबणे शक्य नव्हते, त्याचे काय झाले असेल?

आणि उसाच्या फडावर जाणारी आपली माणसे? दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून कोयता निघतो. मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवराबायको साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्या बाईच्या पायातील चांदी तिची ठेवही आहे आणि विमाही. तिने उचलीच्या पैशातून नाणे घ्यावे, असे आम्ही कधीच सांगणार नाही. कर्ज काढून आणलेली लक्ष्मी पाहुणी असते. गुरुजींनीही ठेव बुडाली या रागाने सगळेच धातूत घालू नये. औषधपाण्याचे पैसे हाताशी मोकळे असावेत.

रघुवंशाच्या पाचव्या सर्गातील कौत्स सर्वांना ठाऊक आहे. आपट्याचे सोने आपण त्याच्याच नावाने वाटतो. गुरुदक्षिणेच्या चौदा कोटी मुद्रा त्याला हव्या होत्या. कुबेराने राशी ओतल्या, रघूने सर्व देऊ केल्या, आणि कौत्स देण्याएवढ्याच घेऊन निघाला. त्याच्या नि:स्पृहतेवर आम्ही चाळीस वर्षे निरूपण करीत आलो. अलीकडे वाटते, त्याला आपले देणे नेमके किती हे ठाऊक होते, तेथेच त्याचे अर्धे काम झाले होते.

मातोश्रींनी एकविसांतून एक रुपया त्या दिवशी मागे ठेवला होता. राणीच्या छापाचा. वरची बाई लक्ष्मीसारखी दिसते, एवढेच कारण. परवा सूनबाईंनी तो छोट्या काट्यावर ठेवून पाहिला; साडेअकरा ग्रॅमला थोडा कमी भरला. शंभराहून अधिक वर्षांच्या हातांनी तेवढा झिजविला आहे. आज सायंकाळी तो ताम्हनात असेल, आणि शेजारी सूनबाईंनी यंदा घेतलेले पाच ग्रॅमचे नाणे, पाकिटासकट, खाली पावती घडी करून.